ओमानातले केलथ्वेट

इनास अंकलना कुणी नाव विचारलं की ते लगेच सांगत नसत. आधी शर्टाची गळ्यापाशी लावलेली गुंडी चाचपून बघत, मग घसा साफ करत आणि मग म्हणत, "केलथ्वेट. इनास केलथ्वेट." समोरचा "काय?" म्हणणार हे त्यांना पक्कं ठाऊक असे. त्या "काय?"साठीच ते थांबलेले असत. मग तेच नाव पुन्हा एकदा, जरा सावकाश, आणि पुढे "वसई" असं जोडून मिळे. त्यामुळे ऐकणारा आणखीच बुचकळ्यात पडे.

मी तर अजूनही त्यातून बाहेर आलेलो नाही. पेशाने मी ड्राफ्ट्समन. कागदावर चार रेषा काढल्या तर त्या कुठेतरी एकमेकींना मिळाल्या पाहिजेत, असं मानणारा माणूस. इनास अंकलच्या रेषा माझ्याच्याने कधी जुळल्या नाहीत. हे गृहस्थ खोटं बोलत का? बोलत, आणि शांतपणे बोलत. मग मला त्यांचा राग का येत नाही? हे कुणाला समजावून सांगायला बसलो की मी भलत्याच गोष्टीवर घसरतो आणि ऐकणारा घड्याळ बघायला लागतो.

मस्कतला आलो तेव्हा बौशरमधल्या आमच्या कंपनीत ते खरेदी विभागात होते. दारं, कपाटं, स्वयंपाकघराचे ओटे-कॅबिनेट असं काम. पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो, तर त्यांनी माझ्या कामाबद्दल काही विचारलंच नाही.

"परब? कुठले परब?"

"कुडाळकडचे."

"तिकडे परब किती असतील?"

"मोजले कुणी? दगड उचलला की खाली परब निघतो," मी म्हणालो.

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जसा काही मी गावी सोन्याची खाण सोडून आलोय. "मजा आहे बाबा तुमची," ते म्हणाले आणि मला चहा मागवला.

ते सगळ्यांना आडनावानेच हाक मारत. सुतारकामाचा फोरमन कदम, चिपळूणचा. तो त्यांना मुद्दाम 'केळकर' म्हणायचा. "वसईची केळी आणि हे आमचे केळकर," असं रोज जेवताना एकदा तरी व्हायचंच. अंकल चिडत नसत. पोळीचा तुकडा मोडत म्हणत, "केळकर पण भरपूर आहेत रे, कदम. आमचं तसं नाही."

तसं नव्हतं हे खरंच. वसईच्या ख्रिस्ती माणसांची आडनावं पोर्तुगीज वळणाची. एकेका गावात एकाच आडनावाची अर्धीअधिक घरं, सणाला अंगणात खुर्च्या पुरत नाहीत एवढे चुलत आणि मावस. त्यात हे एक इंग्रजी आडनाव कुठून टपकलं? बरं, इंग्रजी म्हणावं तर तेही कुणी ऐकलेलं नाही. आमच्या ऑफिसात मधूनमधून एक गोरा कन्सल्टंट यायचा. त्याला अंकलनी नाव सांगितलं तर तोसुद्धा "काय?" म्हणाला. अंकल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खूश होते.

नाव आलं कुठून, हे ज्याला त्याला वेगळं सांगायचं अशी त्यांची पद्धत होती. आमचा ओमानी मालक, सालिम अर्बाब, मोठा घराणं-गोत विचारणारा माणूस. त्यांच्यात माणसाच्या शेवटच्या नावावरून कळतं की हा कुठल्या कबिल्याचा, कुठल्या वादीतला, म्हणजे खोऱ्यातला. त्याने अंकलना विचारलं, "तुमचा कबिला मोठा आहे का?"

"वाजिद, अर्बाब, वाजिद," अंकल म्हणाले. म्हणजे भरपूर. मग त्याला गोष्ट ऐकवली ती जहाजाची. एक इंग्रज कप्तान, वसईच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, तो तिथेच राहिला आणि वंश वाढला. अर्बाबच्या घराण्यात पूर्वी समुद्रावर जाणारे लोक होते, त्याला ती फार आवडली. चर्चमधल्या केरळी मंडळींना मात्र एका साधुपुरुष इंग्रज पाद्र्याची गोष्ट मिळाली होती. कदमला तिसरीच. एकदा त्यांतले दोन केरळी, कदम आणि कप्तानाची गोष्ट ऐकलेला मी एका टेबलावर आलो आणि तिन्ही गोष्टींची गाठ पडली. मला वाटलं, आता अंकल पकडले गेले. अंकलनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घराणं मोठं असलं की असं होतं."

चौथी गोष्ट मला त्यांच्या बायकोकडून कळली. मोनिका आंटी. लहानखुऱ्या, बडबड्या, बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यांमधून मिरच्या लावणाऱ्या आणि त्या मिरच्यांशी भांडणाऱ्या. माझी बायको वृषाली इथे नवी आली तेव्हा कढीपत्ता कुठे मिळतो इथपासून उन्हाळ्यात घरातल्या घरात कसं शहाणं राहायचं इथपर्यंत सगळं तिने आंटींकडून शिकून घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आंटी वृषालीला "पोरी" म्हणायच्या आणि अंकलसमोरच अंकलची गाऱ्हाणी सांगायच्या.

"कप्तान नाही नि पाद्री नाही," आंटी म्हणाल्या. "याचे आजोबा, बावतीस, एका मिठागराच्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. त्यांनी लग्न केलं दुसऱ्या जमातीतल्या मुलीशी. ख्रिस्तीच, पण आपल्यातली नव्हे. झालं. भावकीने टाकलं. पोर झालं तर बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभं राहायला गावातलं कुत्रं फिरकेना. मग तो साहेब उभा राहिला. तोपण रोमन कॅथलिकच होता. पोराला त्याचं आडनाव दिलं, आणि म्हाताऱ्यानेही रागाच्या भरात स्वतःचं टाकून तेच लावलं. तुम्ही मला टाकता काय, मीच तुमचं नाव टाकतो."

"म्हणजे घराणं वगैरे काही नाही?" मी विचारलं.

"कुठलं घराणं? आजोबा, आजी, याचे वडील, एक काका थॉमस, तो लग्न न करता गेला. आणि हा. लग्नात माझे पाहुणे तीन बस भरून, याच्याकडून एक रिक्षा." त्या हसल्या. अंकल बाल्कनीत मिरच्यांना पाणी घालत होते. ऐकू गेलं असणार, पण त्यांनी मान वळवली नाही.

तेव्हापासून ते "दगड उचलला की परब" माझ्या मनात राहिलं. मी केवढं काय सहज बोलून गेलो होतो, ते मला तेव्हा कळलं.

आता कूपनांची गोष्ट. मस्कतच्या मॉलमध्ये बाराही महिने काही ना काही सोडत चालू असते. सामान घ्या, कूपन भरा, पेटीत टाका, मोटार जिंका. लोक आपल्या नावाने भरतात. अंकल अख्ख्या घराण्याच्या नावाने भरत. बावतीस केलथ्वेट. रोझी केलथ्वेट, म्हणजे आजी. थॉमस केलथ्वेट. सगळे केव्हाच देवाघरी गेलेले, पण कूपनवर राहणार बौशर. ई-मेल मागायला लागले तेव्हा त्यांनी प्रत्येकाचा ई-मेल काढला. मग फेसबुकवरून भाग घ्या म्हणाले, तर प्रत्येकाचं खातं काढलं. शुक्रवारी चर्च आटोपलं की दुपारभर हाच उद्योग. जन्मतारखा मात्र अगदी खऱ्या टाकल्या. मी म्हटलं, "अंकल, आजोबांचं वय काय येतंय बघा." तर म्हणाले, "खोटी तारीख कशी टाकणार? पाप लागेल."

आणि एकदा आजोबांना बक्षीस लागलं. प्रेशर कुकर. भर मॉलमध्ये लाउडस्पीकरवर तीन वेळा बावतीस केलथ्वेट यांना हाक मारली गेली. माझ्या हातात कांद्यांची पिशवी होती. शेजारी उभ्या अंकलचे डोळे भरून आले होते. कुकर काही मिळाला नाही, कारण विजेत्याने ओळखपत्र घेऊन स्वतः यायचं होतं. "ते बाहेरगावी आहेत," असं सांगून अंकल परत आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पण परब, नाव कसं घुमलं, ऐकलंस ना?"

मोनिका आंटी गेल्या त्या विमानं बंद होती त्या उन्हाळ्यात. चार दिवसांचा ताप आणि संपलं. मृतदेह वसईला नेणं शक्यच नव्हतं. सालिम अर्बाबने धावपळ करून परवानग्या मिळवल्या आणि डोंगरांच्या मधे ख्रिस्ती लोकांचं जे कबरस्तान आहे तिथे त्यांना पुरलं. मोजक्याच लोकांना आत सोडलं. मी फाटकाबाहेर गाडीत होतो.

त्यानंतर अंकल तसेच होते, आणि हीच मला न उलगडणारी गोष्ट. तीच बंद गुंडी, तोच घसा साफ करणं. मिरच्या जगवल्या. मात्र "मोनिका गेली" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. "मोनिकाला हे आवडत नाही" म्हणायचे, "आवडायचं नाही" असं नव्हे. आम्ही दुरुस्त करत नव्हतो. वृषाली म्हणायची, "करायचं कशाला? कुणाचं काय बिघडतंय?"

बिघडायला सुरुवात झाली एका शुक्रवारी. अंकल फोन घेऊन आमच्या घरी आले, चेहरा उजळलेला. "परब, हे बघ."

कुठलं आडनाव जगात कुठे किती आढळतं, हे सांगणारी एक वेबसाइट होती. केलथ्वेट टाकलं की जगाचा नकाशा यायचा. इंग्लंड फिकट. बाकी जग पांढरं. आणि लोकसंख्येच्या मानाने सगळ्यात गडद रंग भरलेला देश कुठला, तर ओमान.

"आपण पहिले," अंकल म्हणाले.

हे लोक कसं मोजतात देव जाणे, पण मला कारण लख्ख दिसत होतं. छोटा देश, त्यात आजोबा, आजी, वडील, काका, मोनिका आंटी आणि स्वतः, सगळ्यांची खाती, सगळे राहणार बौशर. "अंकल, पण इथे तुम्ही एकटेच आहात," मी म्हणालो.

"ते त्यांना कुठे माहितीये?"

"आणि ही वेबसाइट तुम्हाला दाखवली कुणी?"

यावर त्यांनी शर्टाची गुंडी चाचपली. "मोनिकाला एका बाईचा मेसेज आला होता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इंग्लंडच्या उत्तरेला कुठेतरी राहणारी जोन केलथ्वेट नावाची निवृत्त नर्स. लग्न केलेलं नाही, भावंडं नाहीत. आपल्या आडनावाचं आणखी कोण उरलंय हे शोधताना तिने हा नकाशा बघितला आणि ओमानातल्या सगळ्या केलथ्वेटांना मेसेज पाठवला. बावतीसना, रोझींना, थॉमसना. अंकलनी उत्तर दिलं मोनिका आंटींच्या खात्यावरून.

"त्यांच्या का? तुमच्या खात्यावरून द्यायचं," मी म्हणालो.

"अनोळखी बाईमाणसाला पुरुषाने उत्तर दिलेलं बरं दिसतं का?"

एका उत्तरावर थांबलं असतं तर ठीक होतं. वर्षभराहून जास्त काळ पत्रव्यवहार चालू होता. अंकलनी मला तो वाचू दिला आणि मी चक्रावून गेलो. मिरच्यांवर कीड पडली. खालच्या मजल्यावरचे लोक पाणी ठिबकतं म्हणून तक्रार करतात. नवरा हट्टी आहे, दुकानातून कधी सांगितलेलं आणत नाही, सोडतीचं वेड लागलंय त्याला. हे सगळं अंकलनीच लिहिलेलं. स्वतःविरुद्धची गाऱ्हाणी, अगदी आंटींच्या तोंडची. एका ठिकाणी होतं, 'माणूस वाईट नाही, पण त्याला एकटं सोडता येत नाही.' मला पुढचं वाचवेना. फोन परत दिला.

"आता?" मी विचारलं.

"आता ती येतेय," अंकल म्हणाले. "मोठ्या बोटीने. बोट आपल्या मत्राच्या बंदरात एक दिवस थांबते. म्हणाली, सगळ्यांना भेटायचंय. मोनिकाला तर नक्कीच."

मी सरळ सांगितलं की तिला खरं लिहून टाका. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. "लिहायला बसतो रे," ते म्हणाले, "पण ते लिहायला मोनिकाच्याच खात्यात जावं लागतं. तिनेच कसं लिहायचं, की मी नाही म्हणून?" शिवाय दोन महिन्यांनी त्यांची नोकरी संपत होती. नोकरी संपली की व्हिसा खलास, आणि व्हिसा खलास म्हणजे आंटींना इथे ठेवून वसईला जायचं. हे सगळं त्या एका माणसावर एकदम आलं होतं.

आणि म्हणून आम्ही केलथ्वेट झालो. कसे झालो ते सांगता येणार नाही. कदमला थॉमस ठरवलं, मला पीटर. पीटर कोण हे अंकलनाही नीट माहीत नव्हतं. वृषाली पहिल्यांदा साफ नाही म्हणाली. "मेलेल्या बाईचं सोंग मी घेणार नाही. आणि आंटींचं तर नाहीच." मग अंकल आमच्याकडे येऊन नुसते बसून राहिले. चहा गार झाला. शेवटी ती म्हणाली, "एक तास. त्याच्यावर एक मिनिट नाही."

पाहुणी येणार म्हटल्यावर सालिम अर्बाबने आपली मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, देऊ केली. त्यांच्यात पाहुणा आला की घरातले पुरुष ओळीने उभे राहून त्याला घेतात. त्या दिवशी अर्बाब आतून बाहेर आला तर ओळीत मी आणि कदम, इस्त्रीच्या कपड्यांत.

"परब," तो हिंदीत म्हणाला, "तुम भी केलथ्वेट?"

"आज के लिए, अर्बाब."

तो रागवेल असं वाटलं. त्याने थोडा विचार केला, डोक्याला गुंडाळलेला मसर नीट केला आणि कदमच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आदमी का कबिला छोटा हो तो दूसरा लोग साथ में खड़ा होता है. हमारे में भी ऐसा है. यल्ला, सीधा खड़े रहो."

जोनबाई टॅक्सीतून उतरल्या. उंच, पांढरे आखूड केस, उन्हाने लाल झालेलं नाक, हातात कापडी पिशवी. ओळीतला पहिला केलथ्वेट पांढऱ्या पायघोळ दिशदाशात बघून त्या जरा थबकल्या, पण त्यांनी मनापासून हात मिळवला. कदमपाशी आल्या. कदम घामाने भिजला होता. थॉमस हे नाव तो सकाळपासून घोकत होता आणि ऐनवेळी त्याच्या तोंडून कुकर जिंकणाऱ्याचंच नाव निघालं.

"बावतीस," तो म्हणाला.

बावतीसची जन्मतारीख बाईंना पाठ होती. त्यांनी कदमचा काळ्याभोर मिशीचा चेहरा नीट न्याहाळला. "छान राखलीत तब्येत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला त्या क्षणी जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

आत खजूर, हलवा, कहवा मांडलेला. वृषाली दारापाशी उभी होती, आंटींच्या जांभळ्या फुलांच्या ड्रेसमध्ये. तो अंकलनीच दिला होता, कारण आंटींच्या खात्यावरच्या फोटोत तोच होता, चेहरा मिरच्यांमागे झाकलेला. जोनबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. त्या सगळ्यांना सोडून सरळ तिच्याकडे गेल्या, "मोनिका" म्हणाल्या आणि पिशवीतून एक जोडी काढली. बागकामाचे हातमोजे. हिरवे. "मिरच्या तोडल्या की हात झोंबतात म्हणाली होतीस ना."

अर्बाबने मान खाली घातली. आंटींच्या दफनाच्या परवानगीसाठी तो स्वतः दारोदार फिरला होता.

वृषालीचा हात पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. तिने अंकलकडे बघितलं. अंकल पांढरेफटक पडले होते.

"वहिनी, घेऊ नका," ते मराठीत म्हणाले, अगदी हळू. मग त्यांनी घसा साफ केला. गुंडीकडे हात गेला नाही. "मॅडम, ही मिसेस परब. चांगली बाई आहे, माझ्या सांगण्यावरून उभी आहे. मोनिका नाही."

"मग मोनिका कुठे आहे?"

अंकलनी तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द त्यांनी इतकी वर्षं टाळला होता, तो आता शोधायला लागत होता. मला ते बघवेना. वृषाली रडायला लागली होती, त्या ड्रेसचीच बाही डोळ्यांना लावून.

"मोनिका वारली," ते म्हणाले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. "तुमचा पहिला मेसेज आला, त्याच्याही आधी."

जोनबाई हातमोजे धरून उभ्या होत्या.

"मग मला लिहीत कोण होतं?"

"मी."

"ते नवऱ्याबद्दलचं सगळं?"

"ते खरं आहे," अंकल म्हणाले. "ती तसंच म्हणायची."

बाई ओरडतील, निघून जातील, असं मला वाटत होतं. त्यांचा चेहरा उतरला होता, हे काही लपत नव्हतं. त्या खाली बसल्या. अर्बाबने स्वतः कहव्याचा पेला त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी संपवला आणि म्हणाल्या, "बोट सुटायला वेळ आहे. मी मोनिकाला भेटायला आले होते. मला तिच्याकडे घेऊन चला."

मी गाडी काढली. या वेळी मी फाटकाबाहेर थांबलो नाही. उघडे डोंगर, त्यांच्या मधे सपाट जागा, ओळीने दगड. आंटींच्या दगडावर आडनाव ठळक कोरलेलं आहे, नावापेक्षा मोठं. ते अंकलचं काम. जोनबाई बराच वेळ ते वाचत राहिल्या. म्हणाल्या, या आडनावाचा दगड मी आईबापांच्या नंतर आज पहिल्यांदा बघतेय.

मग त्यांनी नावाचा उगम सांगितला. त्यांच्याकडच्या जुन्या बोलीत केल म्हणजे झरा आणि थ्वेट म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. झऱ्यापाशी कुणीतरी रान साफ केलं, घर बांधलं, त्या जागेचं नाव त्या माणसांना लागलं. आता तिथे घर नाही. मेंढ्या चरतात.

"म्हणजे वाडी," अंकल म्हणाले. "आमच्याकडे वाडी म्हणतात." एवढं शांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मिठागराच्या साहेबाचं त्यांनी बाईंना खरं ते सांगितलं, आजोबांना भावकीने टाकलं होतं तेही. कप्तान नाही, पाद्री नाही. बाई म्हणाल्या, आमच्यातला एकजण हिंदुस्थानात गेला होता असं घरात बोलत, तोच होता की दुसरा कुणी ते मला सांगता येणार नाही. दोघांनीही ते तिथेच सोडून दिलं. मीच एकटा अजून विचार करत असतो, तोच असेल का म्हणून.

निघताना त्यांनी हातमोजे अंकलच्या हातात दिले. अंकलनी ते तिथल्या तिथे चढवले आणि खाली बसून कोरलेल्या अक्षरांतली वाळू काढायला लागले. बाईही शेजारी बसल्या आणि बोटाने काढू लागल्या. वृषाली आणि मी सावलीत उभे होतो.

नोकरी संपली तेव्हा मी अंकलना विमानतळावर सोडायला गेलो. मिरच्यांचे डबे आदल्या दिवशी आमच्या बाल्कनीत आले होते, कुठल्या झाडाला किती पाणी याच्या तोंडी सूचनांसकट. दर महिन्याला कबरीवर एक फेरी मारायची हे वृषालीने स्वतःहून कबूल केलं होतं. रांगेत उभं राहण्याआधी त्यांनी फोन काढला.

"परब, सगळ्यांना बंद केलं. आजोबा, आजी, थॉमस, वडील. काल बसून एकेकाला निरोप दिला. माझंही बदललं. राहणार वसई."

"आणि मोनिका आंटी?"

"ती कशी येईल?" ते म्हणाले. "तिचं घर इथेच आहे. आता कुणाला लिहिणार नाही ती. पण राहू दे."

मग ते आत गेले. काचेतून मला पासपोर्टची खिडकी दिसत होती. अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. अंकलनी गळ्याची गुंडी चाचपली, काहीतरी म्हणाले आणि थांबले. अधिकाऱ्याने मान वर केली. अंकलनी पुन्हा एकदा, सावकाश, सांगितलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती, तरी ते हसत होते हे मला कळलं. मग शिक्का बसला आणि ते पलीकडे दिसेनासे झाले.

परवा सहज ती वेबसाइट उघडली. आकडे बदलले होते. इंग्लंड तसंच फिकट. भारताला नव्याने रंग आला होता. ओमानसमोर लिहिलं होतं, एक.

वृषाली बाल्कनीत मिरच्यांना पाणी घालत होती. मी तिला वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.